उपासाला काय चालतं?

रेव्हरंड माणिकराव सातभाईंना मी प्रथम पाहिले ते आमच्या दारात, आईच्या हातचा चहा पिताना. आई, गंगूबाई, वऱ्हाडातून जबलपुरास आलेली, सराफ्यातले रस्ते झाडणारी. आमच्या घरचे पाणी पिणारा हा पहिलाच साहेबी टोपीवाला माणूस. "बाई, साखर जरा कमी आहे," म्हणून त्यांनी दुसरा कप मागून घेतला. त्याच वर्षी आईने बाप्तिस्मा घेतला.

त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी सत्कार समितीने मला बजावले आहे, "मास्तर, गोड लिहा. प्याल्याचे प्रकरण नको." नको काय म्हणून? मी तेच लिहिणार. संपादकांत हिंमत असेल तर छापावे.

आमच्या मंडळीतले बडे लोक मूळचे दीक्षितपुऱ्यातले ब्राह्मण. धर्म बदलला, पण जात घरून डब्यात घालून आणली! प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीचा, द्राक्षरसाचा प्याला सर्वांना एकच; तिचे उष्टे नको म्हणून आईची पाळी सर्वांत शेवटी. लेंट म्हणजे येशूने अरण्यात उपाशी काढलेल्या चाळीस दिवसांची आठवण, मन तपासण्याचा काळ. आमच्याकडे तपासले जाई ते फराळाचे ताट. एकादशी आणि दुप्पट खाशी!

अशाच एका रविवारी एका बड्या गृहस्थांनी विचारले, "पास्टरजी, उपासाला वरई चालते ना?"

"चालते."

"अन् रताळं?"

"रताळंही चालतं. मग गंगूबाई काहून चालत नाही?"

रेव्हरंड पुढे म्हणाले, "पोट रिकामं कोणीही ठेवील. पंगतीत जरा सरकून जागा करा, मग म्हणा लेंट पाळला."

गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी प्याला प्रथम आईला दिला. तीन घरची माणसे उठून चालती झाली. आईला वाटले, चूक आपलीच. हे लिहिताना आजही माझे डोके फिरते.

ईस्टरला लेंट संपला, घरोघर मटण शिजले. रेव्हरंड भाजी-भाकरी जेवले. "घरची माणसं रुसून बाहेर बसलीत, माझा उपास कसा सुटेल?" त्यांनी मटण सोडले ते आजतागायत. दर लेंटमध्ये ते त्या तिन्ही घरी स्वतः जात राहिले. कोणावर चिडले नाहीत. ते काम माझ्याकडे आहे.

दोन घरे परतली. तिसऱ्या घरचे यजमान या सत्कार समितीचे अध्यक्ष! हार घालायला येणार, प्याल्याला नाही. वर सत्काराच्या जेवणात मटण-पुलाव. अहो, जनाची नाही, निदान मनाची तरी ठेवा!

रेव्हरंडांची प्रकृती ठणठणीत राहो आणि त्यांचा हात आमच्या डोक्यावर पुष्कळ वर्षे असो, हेच प्रभूकडे मागणे. आईला विचारले, तुझ्याकडून काय लिहू? तिने सांगितले ते लिहायला मी तयार नव्हतो. तिने लिहूनच घेतले.

"लिही, पास्टरजी, खूप जगा. आन् त्या अध्यक्षायले म्हण, आता तरी या. पाहिजे तर प्याला आधी तुम्ही घ्या, मी तुमच्या मांगून घेईन. पन पास्टरजीचा उपास सोडा."