मेश्रामचा रेनकोट

सुधाकर मेश्राम पावसात रेनकोट स्वतः कधीच घालायचा नाही. मी त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं ते शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर, बस स्टॉपपाशी. धो धो पाऊस चाललेला, हा डोक्यापासून बुटांपर्यंत भिजलेला, आणि रेनकोट काढून किराण्याच्या कागदी पिशवीला गुंडाळलेला. आमच्या ऑफिसात नुकताच लागलेला नागपूरचा इंजिनिअर तो हाच, हे ओळखून मी गाडी थांबवली.

"अहो, तो अंगात घाला की!"

"माणूस वाळते हो भाऊ," तो आत बसत म्हणाला. "पिशवी फाटली तर सारी तुरीची डाळ डेव्हनवर."

पुढे आमची चांगली गट्टी जमली. ऐंशीच्या दशकातल्या त्या वर्षांत आम्ही सगळे गाडीशिवाय कोपऱ्यावरसुद्धा जात नव्हतो. मेश्राम मात्र पायीच चालायचा. "पायाला काय झालं?" हा त्याचा ठरलेला प्रश्न. एका जुलैत माझी बायको मुलांना घेऊन आधीच पुण्याला गेली होती. मी मागून निघणार होतो, मेश्रामही आईला भेटायला निघाला होता. त्याने परस्पर आमची तिकिटं बँकॉकमार्गे काढली आणि जाहीर केलं, "अयुथ्या पाहू. पाठीवर एकेक सॅक. हॉटेल-बिटेल काही नाही."

अयुथ्या ही सयामच्या, म्हणजे थायलंडच्या, राजांची जुनी राजधानी. चार दिवसांत तिथे पाऊस थांबला म्हणून नाही. नदी ओलांडायच्या होडीत पाणी, गेस्ट हाउसच्या लाकडी जिन्यावर पाणी, जळक्या विटांच्या देवळांत तर गुडघाभर गवत आणि चिखल. माझा नवा कॅमेरा मेश्रामच्या रेनकोटात होता आणि मेश्राम पावसात. मी छत्रीखाली कुरकुरत होतो. तिसऱ्या दिवशी मला ताप भरला. त्याने मला पेजेसारखा भात भरवला, माझे चिखलाचे कपडे धुतले, आणि निघताना एक सॅक पाठीवर, दुसरी पोटावर घेऊन स्टेशनपर्यंत चालला. इतकं माझं माझ्या सख्ख्या भावाने केलं नसतं.

ताप येण्याच्या आदल्या दिवशी आम्ही बुद्धमूर्तींच्या एका लांबलचक रांगेपाशी पोचलो. एकाही मूर्तीला शिर नव्हतं. मेश्रामने बूट काढले, चिखलात गुडघे टेकले आणि स्वच्छ आवाजात वंदना म्हटली. मग मला म्हणाला, "फोटो काढ भाऊ. मायला दाखवायचा आहे. बुद्धाच्या देशात तिचा पोरगा वाकला, हे तिला डोळ्यानं पाहू दे." मी चार काढले.

शिकागोला परतल्यावर स्लाइड्स धुऊन आल्या. त्या चार त्याने ऑफिसच्या खिडकीशी एकेक करून उजेडात धरल्या, पुन्हा पुन्हा पाहिल्या. त्यांच्या कॉप्या करून द्यायचं मी कबूल केलं, आणि आज-उद्या करत राहिलो.

ऑक्टोबरात शिकागोबाहेर नेपरव्हिलच्या आमच्या घरी एका रविवारी दुपारी मी स्लाइड शो ठेवला. मराठी मंडळातली आठ-दहा कुटुंबं, सगळी आपल्यातली. 'आपल्यातली' हा शब्द तेव्हा मला खटकत नसे. मेश्रामला मी सांगितलं होतं, "बघ, जमलं तर." इतक्या लांब तो यायचा नाही, असा माझा हिशेब. बारा वाजता बायकोच्या अप्पाकाकांचा फोन आला, तेही येताहेत. माझ्या डोळ्यांपुढे ते चित्र आलं: चिखलात वंदना करणारा मेश्राम, आणि अप्पाकाकांचा प्रश्न, "हा कोण रे? कुठला?" मी स्वतःला पुरोगामी समजत असे, म्हणजे तसं बोलत असे. त्या दुपारी मी प्रोजेक्टरच्या ट्रेमधून त्या चार स्लाइड्स काढल्या आणि मोज्यांच्या खणात टाकल्या. मागच्या स्लाइड्स त्या रिकाम्या खाचांत सरकवायला वेळ नव्हता, बेल वाजत होती.

शेवटची बेल मेश्रामची. रिमझिम पावसात स्टेशनपासून पायी आला होता, निथळत होता. बरोबर नुकत्याच अमेरिकेत आलेल्या त्याच्या आई होत्या, छत्रीखाली, पांढऱ्या लुगड्यावर स्वेटर घातलेल्या. रेनकोटात गुंडाळलेला चिवड्याचा डबा त्याने काढला, अगदी कोरडा. त्या माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "माझ्या पोराची सोबत केली तुम्ही. लई उपकार." मला तेव्हाच वर जाऊन त्या स्लाइड्स आणता आल्या असत्या. मी पडदे ओढले.

अयुथ्या नावावरून अप्पाकाका खूष झाले. "अयोध्याच ती! म्हणजे आपलीच!" मग मूर्तींची रांग पडद्यावर आली. आईंनी अंधारात हात जोडले. मी बटण दाबलं. खट्. नुसता पांढरा उजेड. पुन्हा खट्. पांढरा. चार वेळा. त्या उजेडात सगळ्यांचे चेहरे लख्ख दिसत होते, मेश्रामचाही. तो पडद्याकडे नाही, माझ्याकडे पाहत होता.

"बाबू," आई म्हणाल्या, "तू तर कुठंच दिसून नाही राहिला?"



"पाणी लई होतं ना माय," मेश्राम शांतपणे म्हणाला. "फिल्म ओली झाली."

"कॅमेरा जपायला नको?" अप्पाकाका म्हणाले.

"हो काका. चूक माझीच. रेनकोट माझ्याजवळ होता."

ज्या माणसाने चार दिवस स्वतः भिजून माझा कॅमेरा कोरडा ठेवला, त्याने माझ्या घरात, माझ्या पाहुण्यांसमोर, माझा भेकडपणा स्वतःच्या अंगावर घेतला. मी पुढची स्लाइड लावली. चहाच्या वेळी त्याच्या आईंनी मला आग्रहाने चिवडा वाढला, आणि मी तो खाल्लासुद्धा.

त्यानंतर ऑफिसात तो माझ्याशी पूर्वीसारखाच बोलायचा. स्लाइड्सचं नाव त्याने काढलं नाही, मलाही धीर झाला नाही. वर्षभरात तो नॉर्थ कॅरोलिनाला नोकरी धरून गेला. मोज्यांचा खण उघडला की त्या चार दिसत. रोज दिसत. तीन वर्षांनी कधीतरी मी त्या पाकिटात घातल्या. चार पानी पत्र लिहिलं, फाडलं, आणि फक्त 'माफ कर' एवढी चिठ्ठी आत ठेवली.

दोन आठवड्यांनी पोस्टकार्ड आलं. ते अजून माझ्याजवळ आहे.

"स्लाइड्स मिळाल्या. चारही कोरड्या आहेत. माय मागच्या वर्षी गेली. तिला मी फिल्म ओली झाली, असंच सांगत राहिलो. तुझं नाव ती शेवटपर्यंत चांगलंच घेत होती."