जनकाबाईचं रडणं

मेहकरची जनकाबाई रडण्यात पहिल्या नंबरची. गावात मयत झाली की भेटायला जाणाऱ्या बायका तिलाच पुढे घालत. घरच्या बाईच्या गळ्यात पडायचं, मेलेल्याला हाका मारत त्याचे गुण गायचे आणि मागच्या बायकांनी शेवटचा बोल उचलायचा, ही आपल्याकडची रीत. रडणाऱ्या बाईला मध्येच कुणी अडवायचं नाही, हीही रीतच. जनकाबाईनं सूर लावला की गोठ्यातली म्हैस दावं तोडायला बघे. एकदा गडबडीत ती भलत्याच घरात शिरली आणि तापानं पडलेल्या भगवंतरावांचे गुण गाऊ लागली. म्हातारा डोळे मिटून सगळं ऐकत राहिला आणि ती थांबली तेव्हा म्हणाला, अजून थोडं होऊ दे.

महाराष्ट्र नवानवा झाला होता त्या दिवसांतली गोष्ट. दुसरबीडला दिलेल्या विमलची सासू तानुबाई वारली. विमल ही जनकाबाईच्या भावाची पोर. भाऊ-भावजय केव्हाच गेलेले, तेव्हा विमलचं माहेर म्हणजे ही आत्याच. गेल्या दिवाळीत पोर आली तेव्हा पाठ काळीनिळी. विचारलं तर म्हणे विहिरीवर घसरले. आता विहिरीवर घसरलेल्या बाईच्या पाठीवर काठीचे वळ कसे उठतात, सांगा बरं! तानुबाई तर पंचक्रोशीत नावाजलेली खाष्ट. जनकाबाईनं मनात निकाल लावूनच टाकला होता.

म्हणून तेरवीला निघताना बाई खुशीत होती, खोटं कशाला सांगा. पोर सुटली एकदाची. एसटीत ती शेजारणीशी तेरवीच्या बुंदीवर बोलत होती आणि मनातल्या मनात मेलेलीची हजेरी घ्यायची तयारी करत होती.

दुसरबीडला ओट्यावर माणसं बसलेली. मधोमध विमलचा नवरा शेषराव, सुतकी तोंड करून. कडेला सासरे नारायणराव. जनकाबाईनं पदर तोंडावर ओढला, आत जाऊन विमलच्या गळ्यात पडली आणि सूर लावला, "अवो माह्ये इहीनबाई वो, आता माह्या पोरीच्या पाठीत काठी कोन घालीन वो!"

बायका चपापल्या. एकीनं पदरात तोंड खुपसलं, हसायला की रडायला ते देव जाणे. पण रीत ती रीत. मागून बोल उठलाच, "काठी कोन घालीन वो!"

तेवढ्यात विमलनं आत्याचा दंड घट्ट धरला आणि कानाशी म्हणाली, "आत्या, बुढी नव्हती मारत. हा मारे. ते मधात आडवी पडे. मागच्या खेपेले पडली ते उठलीच नाही."

जनकाबाईचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. आवाज बंद. कुणाला वाटलं बाईला ठसका लागला, कुणी तांब्या आणायला धावलं. तिला मात्र आता उमगलं. जिला आपण इतके दिवस शिव्या घातल्या तिनंच आपल्या पोरीला जपलं होतं. आणि आता पोर सुटली कुठची, उघडी पडली. मग तिनं तोच सूर पुन्हा धरला, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असा.

"चुकली वो मी, इहीनबाई वो! पोटच्या पोराच्या लाथा खाल्ल्या वो, सुनेवर आडवी पडली वो, आता शेषरावाचा हात कोन धरीन वो!"

"शेषरावाचा हात कोन धरीन वो!" बायका सवयीनं म्हणाल्या आणि मग एकमेकींकडे पाहू लागल्या.

शेषराव ताडकन उठला. आत्याबाईंना घेरी आली, पाणी पाजा, असं काहीबाही बोलू लागला. पण रडणाऱ्या बाईला अडवतो कोण? ती आणखी चढली. दुसऱ्यांदा बोल उचलला तो बायकांनी जाणूनबुजून, आणि पहिल्यापेक्षा मोठ्यानं. ओट्यावरच्या माणसांच्या माना खाली गेल्या.

त्याच गलक्यात जनकाबाईनं विमलला बोचकं बांधायला लावलं. शेषराव दारात आडवा झाला, तर रडत्या बायका त्याच्या नि विमलच्या मधात येऊन उभ्या राहिल्या, गळे काढतच. विमल त्यांच्या आडून बाहेर पडली.

ओट्यापाशी नारायणराव फेटा मांडीवर घेऊन बसले होते. मान वर न करता म्हणाले, "जाय माय. तुले राखनारी गेली."

जनकाबाई थांबली. आता तिचा आवाज अगदी साधा होता.

"ते दोघी मार खात होत्या, तवा तुमी कुठी होते?"

"इथीच," म्हातारा म्हणाला. "ओट्यावर."