चाफ्याचं बी आणि मावशीचे डोळे

चाफ्याला शेंगा येतात असं सांगितलं की निम्म्या लोकांना ते खरंच वाटत नाही. येतात. दरवर्षी नाही, प्रत्येक झाडाला नाही, पण येतात. देवळाच्या आवारात असतो तोच हा चाफा, थंडीत पानं झाडून नुसता बोडका उभा राहणारा. फांदीच्या टोकाला दोन शेंगा एकमेकींकडे पाठ करून लागतात, बैलाच्या शिंगांसारख्या, आणि पिकायला आठ-नऊ महिने घेतात. ज्यांनी अशी शेंग पाहिलेली असते ते उरलेले निम्मे लोक मला वेड्यात काढतात. फांदी तोडून मातीत खोचली तरी जगतं ते झाड, त्याचं बी कोण लावत बसतं, म्हणतात.

मी लावते. फांदी खोचली की तेच झाड पुन्हा उभं राहतं, तेच फूल, तोच रंग. बियांपासून आलेल्या झाडाचं तसं नाही. पांढऱ्या चाफ्याच्या बियांतून गुलाबी निघतो, लाल चाफ्याच्या बियांतून फिका पिवळा, आणि काय निघणार ते झाड तीन-चार वर्षं कुणाला सांगत नाही. माझ्यासारख्या तापट बाईला हा छंद कसा जडला देव जाणे. मी रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात ब्लाउज शिवते. गिऱ्हाईक दहा मिनिटं उशिरा आलं तरी माझं डोकं फिरतं. आणि गच्चीवर मात्र ह्या मुक्या कुंड्यांसमोर मी वर्षानुवर्षं बसून असते. नवरा नागोठण्याच्या कंपनीत शिफ्टला जायचा तेव्हा म्हणायचा, घरातल्यांच्या वाट्याची सगळी सबुरी हिने त्या कुंड्यांना देऊन टाकली आहे.

मावशी मला पेणला भेटली. आमचा बागवाल्यांचा एक ग्रुप आहे, फोनवरचा. वर्षातून एकदा, थंडी सरत आली की, पेणला एका हॉलमध्ये जमायचं, आपलं बी द्यायचं, दुसऱ्याचं घ्यायचं. लग्नपत्रिकांच्या पाकिटांत अबोली, गोळ्यांच्या रिकाम्या डब्यांत गोकर्ण, वर्तमानपत्राच्या पुडीत वाल. त्या वर्षी ग्रुपमधली एक सून आपल्या सासूला घेऊन आली होती. खाडीकाठच्या गावातली बाई, उभा जन्म मिठागरात गेलेला, आणि ही माणसं फुकट काय वाटतात ते बघायला आलेली. येताना तिनं आपल्या दारातल्या चाफ्याची जोडशेंग आणली होती. शेंग पार सुकलेली. तिनं ती टेबलावर ठेवली, वर पंखा फुल स्पीडवर, आणि कुणीतरी बोटानं दाबून बघितली तशी ती तडकली.

चाफ्याच्या बीला एका बाजूला पातळ पापुद्रा असतो, पंखासारखा. सगळ्या बिया उडाल्या. खिडकीतून ऊन येत होतं आणि त्या उन्हात त्या सावकाश फिरत, तरंगत, लोकांच्या डोक्यांवर, खांद्यांवर, चहाच्या कपांत उतरत होत्या. क्षणभर सगळा हॉल वर बघत राहिला. मीसुद्धा. मग मी भानावर आले आणि ओरडले की पंखा बंद करा आणि जागचं कुणी हलू नका. माणसं खरंच हलली नाहीत. मी आणि ती म्हातारी गुडघ्यांवर रांगत बिया वेचायला लागलो. वेचता वेचता ती म्हणाली की माझा आवाज मिठागरातल्या मुकादमासारखा आहे, आणि स्वतःच खुदुखुदु हसली.

पंचवीसेक बिया हाती लागल्या. निम्म्या तिनं मला दिल्या. पुढच्या महिन्यात मी ब्लाउजच्या बाह्यांच्या उरलेल्या जाळीच्या कापडातून छोट्या पिशव्या शिवल्या, शेंगेवर चढवून दोरीनं बांधायच्या, म्हणजे शेंग तडकली तरी बी आतच राहतं. त्या द्यायला म्हणून तिच्या गावी गेले आणि मग जातच राहिले. तिला मी मावशी म्हणायची. अहो-जाहो दुसऱ्याच भेटीत गळून पडलं.

महिन्या-दीड महिन्यानं दुपारची गाडी पकडायची. त्या वेळी डबा रिकामा असतो. नागोठणं मागं पडलं की डोळे जड व्हायचे, आणि अर्धवट झोपेत पेणकडची खाजणं यायची, पाण्याचे चौकोन, त्यात आभाळ, कुठं मिठाचे ढीग. उतरले की सहा आसनी रिक्षा, मग थोडं चालणं. मावशी पडवीत बसलेली असायची. समोर तिचा जुना चाफा, पांढरा, पोटात पिवळा. आम्ही दोघी रंगांचे अंदाज बांधत बसायचो. बियांतून आलेलं झाड काय देईल? तिच्या झाडाजवळच देवळात लाल चाफा आहे, वाऱ्यावर भुंगे तिकडून येतात, तेव्हा काहीतरी मिसळण होणारच, असा तिचा हिशेब. मी केशरी म्हणायची. ती म्हणायची, आपण सांगायचं नाही, त्याला सांगू दे. बोलता बोलता दोघी गप्प व्हायचो, आणि तास कसा जायचा कळायचं नाही. इतकी शांत मी दुसरीकडे कुठंच बसलेली नाही.

रोपांचं मात्र आम्ही दोघींनी मिळून वाटोळं केलं. चाफ्याचं बी फुगरी बाजू खाली आणि पंख वर करून लावायचं. आठवड्यात कोंब येतो, पण डोक्यावर बियाचं टरफल टोपीसारखं अडकलेलं असतं. थांबलं तर आपोआप पडतं. मी थांबते कुठली? चिमटीनं टोपी ओढायला गेले आणि पाच रोपांची मान मोडली. बाकीची काही मी कोलाडला, रोह्याला ओळखीत वाटली. मावशीकडची सगळी गेली, कारण टँकर आला नाही त्या आठवड्यात सुनेनं त्यांना बोअरचं खारं पाणी घातलं. सून बिचारी रडकुंडीला आली होती. मावशी तिला एका शब्दानं बोलली नाही. शेवटी आमच्या दोघींच्या वाट्याला एकच रोप उरलं, माझ्या गच्चीवरच्या कुंडीतलं.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर माझ्या लक्षात आलं की मावशी चहाचा कप बशीच्या बाजूला ठेवते. तुळशीला घातलेलं पाणी कुंडीत न पडता शेजारी पडायचं. मी चिडायची, जरा बघून घाल की, म्हणायची. मग एकदा दाराच्या चौकटीला तिचा खांदा धाडकन आपटला तेव्हा मी आणि सून तिला घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. गेलेली नजर परत येणार नाही. थेंब घालत राहिलं तर उरलेली टिकवायचा प्रयत्न करता येईल. नजर कडेकडेनं जात जाते, शेवटी मधली तेवढी राहते. किती दिवस, ते सांगता येत नाही.

बाहेर बाकावर बसल्यावर मावशीनं मला एकच विचारलं.

"आपला चाफा कवा फुलल गो?"

मला काय माहीत? पण माझ्या तोंडून निघून गेलं की येत्या उन्हाळ्यात.

"तवर पुरवीन," ती म्हणाली.

पुरवीन म्हणजे काय ते मला पुढच्या खेपेला कळलं. मावशी पडवीत डोळे मिटून बसली होती. झोपली नव्हती. माझ्या पावलांवरून तिनं मला ओळखलं, बस म्हणाली, सुनेला चहा ठेवायला सांगितलं, सगळं डोळे न उघडता. डोळे बघून बघून खर्च होतात अशी तिची समजूत झाली होती. उरलेत ते पुरवून वापरायचे. सकाळी चुलीपाशी, पायरी उतरताना, थेंब घालताना उघडायचे, बाकी वेळ बंद. टीव्ही तिनं सोडला. रस्त्यावरून कोण चाललंय ते बघणं सोडलं. मी तिच्याशी भांडले. मिटून ठेवल्यानं काही उरत नसतं, डॉक्टरांनी असं सांगितलेलं नाही, तुझं आपलं काहीतरीच, असं पुष्कळ बोलले. सुनेनं डॉक्टरांना फोन लावून तिच्या कानाला धरला. तिनं सगळं ऐकून घेतलं, थेंब एकदाही चुकवले नाहीत, आणि डोळे मिटलेलेच ठेवले. फूल बघायचं होतं तिला. तिच्या झाडाच्या पोटातून काय निघालं ते बघायचं होतं.

मग मीही तिच्याजवळ डोळे मिटून बसायला लागले. आधी रागानं, तिला दाखवायला. नंतर सवयीनं. खाडीचा वारा यायचा, त्याला चिखलाचा आणि मिठाचा वास. जुन्या चाफ्याचं फूल पडलं की बारीक टप्प असा आवाज यायचा, आणि आम्ही दोघी तो ऐकायचो. मिटल्या डोळ्यांपुढं मला ते न आलेलं फूल कितीतरी रंगांत दिसायचं. एकदा तर तिथंच झोप लागली आणि स्वप्नात सगळं मिठागर फुलांनी भरलेलं, पांढरं काहीच नाही. जागी झाले तर मावशी पदरानं माझ्यावरच्या माश्या हाकत होती, डोळे मिटूनच.

तो उन्हाळा आला आणि गेला. झाडाच्या शेंड्याला काहीतरी जाड, टोकदार दिसलं, मी हरखले, आणि आठ दिवसांनी ते पान निघालं. मी त्या झाडाला काय काय बोलले ते गच्चीवर होतं म्हणून बरं. राख घातली, ताक घातलं, कुंडी मोठी केली, उन्हात सरकवली. नवरा म्हणाला, ते झाड आहे, गिऱ्हाईक नाही. त्या रात्री मी जेवले नाही. मावशीला सांगायची माझी हिंमत होईना. शेवटी फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, बरं, म्हणजे अजून थोडं पुरवायचं. मला इतकं वाईट वाटलं की मी फोन ठेवून दिला.

पुढच्या फेब्रुवारीत कोलाडच्या झाडाला फूल आलं. आमच्याच शेंगेतलं बी ते. फिकट पिवळं, छान होतं. ग्रुपवर फोटो आला, लोकांनी हात जोडले, फुलं टाकली. मी मावशीच्या गावी जाऊन तिला म्हटलं, बघ, निदान ह्याचं तोंड तरी बघ. ती नको म्हणाली. फोटोवर कशाला डोळे घालवायचे? तिच्या हालचालींवरून मला कळत होतं की आता फार उरलेलं नाही. जेवताना ताटातला पदार्थ हातानं चाचपून घ्यायची. मी रोह्याला परत येताना गाडीत रडले. डबा रिकामा होता, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला माझ्या कुंडीत तुरा निघाला. ह्या वेळी पान नव्हतं. बारीक मण्यांसारख्या कळ्या, मग लांबट, मग पिळदार. एक कळी पुढं गेली. बाहेरून नुसती तपकिरी लाल, आतलं काही कळू देत नव्हती. ती फुगली तशी मी दोन दिवसांची शिवणं बाजूला ठेवली, नवऱ्याला हाताशी घेऊन कुंडी स्टेशनवर नेली आणि दुपारच्या गाडीत खिडकीशी ठेवून तिला दोन्ही हातांनी धरून बसले. वाऱ्यानं कळी हलली की माझं काळीज हलायचं. समोरच्या बाईनं विचारलं की नर्सरीतून आणलंत का. मी म्हटलं, नाही, ह्याच्या आईकडे नेतेय.

रात्री मी मावशीकडेच राहिले. सकाळी सुनेनं हाक मारली. कळी उघडली होती. मी बघितलं आणि काय रंग आहे ते मला सांगता येईना.

मावशीनं तोंड धुतलं, थेंब घातले, पाच मिनिटं डोळे मिटून बसली. मग पडवीच्या कडेला, उजेडात, पाटावर बसली आणि डोळे उघडले. मी फूल तोडायला हात घातला तर तिनं नाही म्हटलं. म्हणून सून आणि मी कुंडीच उचलून तिच्यासमोर धरली. डावीकडे घ्या, म्हणाली. अजून. थोडी वर. नाही, गेलं. कुंडी जड होती. ती मान हलवत शोधत होती आणि तिच्या तोंडावर पहिल्यांदाच मला भीती दिसली.

"थांब," ती म्हणाली. "गावलं."

आम्ही कुंडी तशीच धरून ठेवली.

"झाड नाय दिसत. कुंडी नाय दिसत, तुमी दोघी नाय दिसत," ती सावकाश म्हणाली. "फूल आख्खं दिसतंय. एवढीच जागा उरली हाय, तेवढ्यात बसलं." मग बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आत हळद, आन कडंला शिजल्या कोलंबीचा रंग."

तोच होता. मला इतका वेळ सापडत नव्हता तोच.

कुंडी खाली ठेवली. मला वाटलं आता ती डोळे मिटेल. मिटले नाहीत. हात पुढं करून तिनं माझा दंड चाचपला, मला खाली बसवलं, हनुवटी धरली आणि माझं तोंड, फूल धरलं होतं त्याच जागी आणलं. दीड वर्षात तिनं मला बघितलं नव्हतं. आख्खा चेहरा त्या जागेत बसत नव्हता. ती माझी हनुवटी हलवून एकेक तुकडा बघत गेली, आधी ओठ, मग नाक, मग एक डोळा, मग दुसरा, मग कानावरचे केस.

"एवढी म्हातारी कवा झालीस गो?"

"तू डोळे मिटून बसली होतीस तेव्हा," मी म्हटलं.

तिनं हनुवटी सोडली नाही, कपाळ बघायचं राहिलं होतं.