जोडव्याखालची जखम

माझ्या डाव्या पायाला चार बोटं आहेत. करंगळी लातूरच्या एका दवाखान्यात ठेवून आलो, त्याला तीन वर्षं झाली. चूक माझीच. श्रावण महिना अनवाणी राहायचं आणि दर सोमवारी तसंच चालत महादेवाला जायचं, हा नेम मी धान्याच्या आडतीवर बसायला लागल्यापासून पाळत होतो. अंगात वीस वर्षांची शुगर मुरलेली. पायाला खडा टोचत नाही ही देवाची कृपा, असं मी चारचौघांत मिरवायचो. कृपा कसली, पाय बधिर झाले होते. काच रुतून चार दिवस झाले तरी मला पत्ता नव्हता; पायाला वास यायला लागला तेव्हा कळलं.

माझ्या लेकीच्या वयाच्या डॉक्टरीणबाईंनी तेव्हा दोन गोष्टी बजावल्या. घरातसुद्धा चप्पल घालायची आणि रोज सकाळी आरसा धरून तळवे बघायचे. चाळीस वर्षं मी तुरीची मूठ तळहातावर घेऊन तिचा दर्जा सांगितला, पण स्वतःचा तळवा कधी पाहिला नव्हता. आता ठरवलं, उरलेली नऊ बोटं सोबत घेऊनच जायचं. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा झाली की आरसा घेऊन बसायचं, मगच चहा. तीन वर्षांत एकच दिवस चुकवला, तोही मुद्दाम.

घोर होता तो बायकोचा. तिलाही सहा वर्षांपासून शुगर. गुडघे वाकत नाहीत आणि डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे स्वतःचे तळवे तिला दिसणं शक्य नव्हतं. ते मी बघतो म्हणालो, तर तिनं पाय लुगड्यात ओढून घेतले.

"नवऱ्याच्या हातात पाय देऊ? पाप लागंल मला. त्याच हातात तुम्ही लिंग धरताव."

"लिंग डाव्या हातात धरतो. तुझा पाय उजव्या हातात धरीन."

"न्हाई म्हणलं ना."

सुनेला सांगून पाहिलं, लेकीला फोनवर बोलायला लावलं. त्या दोघींनाही तिनं 'मला काय झालंय?' म्हणून वाटेला लावलं. मी मुळात तापट. एका सकाळी घरातली चप्पल काढून कपाटावर टाकली, आरसाही टाकला, आणि तसाच अनवाणी घरभर फिरायला लागलो.

"हे काय करायलाव?" तिनं विचारलं.

"तू तुझे पाय दाखवीत नाहीस तोवर मी पण माझे बघणार नाही."

पोरकटपणा होता, कबूल आहे. आतून मी घाबरलोही होतो. पाऊल टाकताना आधी फरशी न्याहाळत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्वतःच कपाटावरून चप्पल काढून माझ्यापुढं टाकली, खुर्चीवर बसली आणि तोंड भिंतीकडं फिरवून पाय पुढं केला.

तळवे स्वच्छ होते. पण उजव्या पायाच्या जोडव्याखाली बोट सुजून लालभडक झालं होतं, चांदी मांसात रुतली होती आणि कडेनं पू दिसत होता. तिला काहीच दुखत नव्हतं. साबण लावून पाहिला, तेल लावून पाहिलं, पण जोडवं हललं नाही. कापावं लागणार म्हटल्यावर ती रडायलाच लागली.

"तुम्ही जिते असताना जोडवं काढू? लोक काय म्हणतील?"

"मी जिता आहे, हे लोकांना मी तोंडानं सांगीन. तुझ्या बोटानं कशाला सांगायचं?"

रिक्षा करून आधी सराफ्यात गेलो. म्हाताऱ्या सोनारानं कातर हातात घेतली आणि थांबला. सवाष्णीचं जोडवं कापायला त्याचाही हात धजेना.

"मालक हायत ना बाईंचे?" त्यानं दबक्या आवाजात विचारलं.

"हाव. मीच तो. कापा."

तिनं डोळे मिटून माझा दंड धरला होता. तिथून थेट दवाखान्यात गेलो. आणखी आठवडा गेला असता तर बोट काढावं लागलं असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. जखम भरायला दीड महिना लागला, आणि तेवढे दिवस पट्टी मीच बदलली.

जोडवं तिनं पुन्हा घातलं नाही. सोसायटीतल्या बायका बघतात, एकदोघींनी टोमणाही मारला. तिला ते अजून लागतं, मला माहीत आहे. तरी रोज सकाळी ती खुर्चीवर बसते, आधी मला हात जोडून नमस्कार करते, मग पाय माझ्या हातात देते. मी तिचा नमस्कार घेतो, आणि पायही घेतो.