चौथा काटा आणि लोटनभाऊ

आमची आणि लोटनभाऊंची भिंत एकच. त्यांच्याकडे फोडणी कशाची पडली ते मला कळतं आणि माझ्याकडे भांडण कशावरून पेटलं ते त्यांना. तेव्हा मी हे जे सांगतोय ते ऐकीव नाही. शिवाय यातल्या मुख्य घोटाळ्याला हातभार माझाच आहे. तोही लपवणार नाही.

लोटनभाऊ मूळचे असोद्याचे. एकतीस वर्षं जळगावच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. खिडकीच्या आत बसायचं, कोणती गाडी कधी लागली, कधी सुटली ते लिहायचं आणि माइकवरून पुकारायचं. सुरत, इंदूर, नाशिक, पुणे. या माणसाने एवढ्या लोकांना एवढ्या दूर धाडलं आणि स्वतः संध्याकाळी सायकलवर टांग टाकून घरी आला. त्यांचा सगळ्यात लांबचा प्रवास शिर्डीचा. तोही येताना-जाताना खिडकीबाहेर डोकं काढून झाला, देखावा बघण्यासाठी नव्हे.

एस.टी.च्या वेळा चोवीस तासांच्या. तिथे दुपारी साडेचारला गाडी सुटत नाही, सोळा-तीसला सुटते. ही सवय भाऊंच्या अंगात इतकी मुरली, की सुगंधावहिनींना ते सांगायचे, "सोळा-तीसला चहा टाक." वहिनी चार वाजताच टाकायच्या आणि भाऊ तक्रार करायचे की चहा वेळेआधी सुटला.

निवृत्त झाल्यावर हातात मोबाइल आला, आणि माणूस वाया गेला. कोणी भजनात रमतं, कोणी राजकारणात. आमचे भाऊ घड्याळांत रमले. एके सकाळी भिंतीवरून डोकं वर काढून मला म्हणाले, "नथ्थू, गुहेत शिरणाऱ्या लोकांसाठी एक घड्याळ असतं, माहीत आहे?"

"गुहेत कशाला शिरतात लोक?"

"शोधायला."

"काय शोधायला?"

"ते शिरल्यावर कळतं ना!" भाऊ चिडले. "आठ-आठ दिवस आत असतात. सूर्य दिसत नाही. दहा वाजले, पण सकाळचे की रात्रीचे? कळायचं कसं? म्हणून त्याला चौथा काटा आहे. तो दिवसात एकदाच फिरतो. बारावर थांबत नाही, तेरा, चौदा, पार चोवीसपर्यंत जातो!"

मग मला उलगडा झाला. अख्ख्या जगात एस.टी.सारखं चालणारं एक घड्याळ निघालं होतं. भाऊंचा जीव त्यात अडकणारच.

घड्याळ स्वित्झर्लंडचं, म्हणून नवीन घेणं आवाक्याबाहेर. भाऊंनी पुण्याच्या एका विक्रेत्याकडून वापरलेलं मागवलं, मूळ डब्यासकट, कागदपत्रांसकट. किंमत विचारू नका. वहिनींना सांगितलेला आकडा वेगळा, मला सांगितलेला वेगळा, आणि खऱ्या आकड्याला या दोघांची बेरीजही पुरत नाही.

आलं त्या दिवशी मी बघायला गेलो. पोलादी, जाडजूड, कडेला चोवीस आकडे. काचेखालचे ठिपके पिवळसर पडलेले. बाजूला एक लांबच लांब ओरखडा.

"हे पिवळं काय झालं?"

"त्याला पॅटिना म्हणतात. वर्षानुवर्षं उन्हात राहिलं की येतो. शौकीन लोक त्यासाठी जास्त पैसे मोजतात."

"आमच्याकडे त्याला मळ म्हणतात, भाऊ. आणि घासायला माणूस लावतात."

त्यांनी घड्याळ माझ्या हातातून काढून घेतलं. मग रुसवा विसरून हळू आवाजात म्हणाले, "आधीचे मालक भूगर्भशास्त्रज्ञ होते. हा ओरखडा लडाखचा असणार." दुसऱ्या दिवशी तो अंदमानचा होता. पुढच्या आठवड्यात, एका पाहुण्यासमोर, दक्षिण ध्रुवाचा. त्या ओरखड्याने एका महिन्यात जेवढा प्रवास केला, तेवढा भाऊंनी जन्मात केला नव्हता.

घड्याळाला सेल नाही. हात हलला की आपोआप चावी भरते. शोधायला निघालेल्या माणसाचा हात हलतोच. आमचे भाऊ बसायचे झोपाळ्यावर. तिसऱ्या दिवशी घड्याळ बंद. तेव्हापासून रोज सकाळी अंगणात उभं राहून उजवा हात खिशात आणि डावा हात पुढे-मागे. शेजारच्या दीपमालाताईंनी विचारलंही, "भाऊंच्या खांद्याला काही झालंय का?" मी सांगितलं, "नाही, हिमालय चढताहेत." शंभर मीटर पाण्याखाली चालणारं ते घड्याळ भाऊ आंघोळीआधी काढून ठेवायचे. शेतात गेले तर घरी ठेवायचे. केळीचा चीक उडाला तर?

तर अशातच मोनालीचं ठरलं. मोनाली भाऊंची एकुलती मुलगी. मुलगा तेजस, धुळ्याकडच्या सोनगीरचा, नोकरीला यावलला वनरक्षक. मुलगा साधा, कमी बोलणारा. साखरपुडा आमच्याकडे, असोदा रोडच्या हॉलमध्ये. जावयाला द्यायचं घड्याळ वहिनींनी स्वतः निवडलं होतं: सोनेरी पट्टा, सोनेरी तबकडी, लग्नाच्या बॅण्डसारखं लखलखणारं. ते डब्यात, डबा पर्समध्ये आणि पर्स वहिनींच्या काखेत.

माइक माझ्याकडे. कॉलनीतल्या कुठल्याही कार्यात माइक माझ्याकडेच असतो, कारण तो मी सोडत नाही.

गणपतीपूजन सुरू झालं. गुरुजी भाऊंना म्हणाले, "घड्याळ काढा आणि हातात पाणी घ्या." भाऊंनी घड्याळ काढलं. ठेवायचं कुठे? पाट कडक, फरशी त्याहून कडक. पलीकडे जावयाला द्यायचं ताट मांडलेलं: नारळ, टोपी, अंगठी, आणि सफारीच्या कापडाची मऊ घडी. भाऊंनी त्या मऊ घडीवर आपलं घड्याळ अलगद ठेवलं. ओरखडा पडू नये म्हणून!

संकल्प लांबला. पाहुणे कुरकुरायला लागले. मी म्हटलं, तोवर जावयाचा मान उरकून टाकू. माझ्या हातात यादी होती. "टोपी!" टोपी चढली. "अंगठी!" अंगठी गेली. "घड्याळ!" मी ताटात पाहिलं, तर घड्याळ समोरच. मी म्हटलं, "मुलीच्या वडिलांकडून जावईबापूंना घड्याळ! वाजवा टाळ्या!" मोनालीच्या मामाने ते उचललं आणि तेजसच्या मनगटावर चढवलं.

मी भाऊंकडे पाहिलं. तळहातावर पळीभर पाणी, तोंड उघडलेलं, डोळे बाहेर. गुरुजी म्हणाले, "बोलू नका, सांडू नका." भाऊ बोलले नाहीत. सांडलंही नाही. एकतीस वर्षांची शिस्त आहे ती. संकल्प संपला तेव्हा फोटो काढून झाले होते, आणि सगळ्यांसमोर दिलेली वस्तू जावयाच्या हातातून काढून घेणार कोण?

चार दिवस भाऊ झोपाळ्यावर होते. डावा हात सवयीने हलत होता. पाचव्या दिवशी तेजसच्या आई पुष्पाबाईंचा फोन आला, आणि वहिनींनी स्पीकर लावला म्हणून भिंतीअलीकडे मलाही नीट ऐकू आला.

"ताई, राग नका येऊ देऊ. पन आमना पोऱ्याले जुनी घडी दिन्ही का तुम्ही? खरोचा पडेल शे. बठ्ठा गाव ईचारस."

सगळं गाव विचारतंय हे ऐकून वहिनींनी कपाळाला हात लावला. मी मात्र भिंतीवरून उडीच मारली. "भाऊ, काम झालं! त्यांनाच नको आहे! डबा घ्या, सोनगीरला चला. एवढंच म्हणायचं, चुकून माझं जुनंपुराणं दिलं गेलं, हे घ्या नवं. ते खूश, तुम्ही खूश."

भाऊंनी तीनदा विचारलं, "जुनंपुराणं म्हणायलाच पाहिजे का?"

"म्हणायलाच पाहिजे."

रविवारी आम्ही दोघं निघालो. एरंडोलपासून पारोळ्यापर्यंत मी ते वाक्य त्यांच्याकडून घोकून घेतलं. धुळ्याला गाडी बदलली तेव्हा त्यांना ते पाठ झालं होतं. फक्त 'जुनंपुराणं'वर आवाज बसायचा.

सोनगीरला ओसरीवर बसलो. पुष्पाबाईंनी पाणी दिलं, चहा दिला. समोर तेजसचे आजोबा, झुलालआबा, आणि रजेवर आलेला तेजस. मनगटावर घड्याळ. भाऊंनी आधी घड्याळाला नमस्कार केल्यासारखं केलं, मग आबांना.

मी कोपराने ढोसलं. भाऊ म्हणाले, "ताई, त्या दिवशी जरा चूक झाली. ते जे घड्याळ दिलं गेलं ना, ते माझं... माझं..."

"जुनंपुराणं," मी मदत केली.

"हां. ते."

पुष्पाबाईंचा चेहरा खुलला. "मी सांगेलच व्हतं! म्हनलं, इतला मोठा मानूस भंगार घडी कसाले दी?"

बस. तिथे थांबल्या असत्या तर ही गोष्ट इथेच संपली असती. भाऊ घड्याळ घालून जळगावला आले असते. पण भंगार हा शब्द त्यांच्या कानात शिरला, आणि माझ्या डोळ्यांदेखत चांगला शिकवलेला माणूस हातचा गेला.

"भंगार?" भाऊ उठून उभे राहिले. "ताई, हा दागिना नाही, अवजार आहे. कुदळीवर ओरखडा दिसला की तुम्ही कुदळ टाकता का? हे बर्फात चालतं. पाण्याखाली चालतं. काच बघा, कशानेही चरा पडत नाही. ही चावी स्क्रूसारखी आवळायची, की आत धुळीचा कण जात नाही. तेजसराव, हात पुढे करा. हा काटा बघा!"

झुलालआबा वाकून बघू लागले. "हाऊ चौथा काटा कसाना शे?"

"आबा, माणूस गुहेत आहे. आठ दिवस सूर्य नाही. दिवस आहे की रात्र, हे हा काटा सांगतो."

आबांनी विचार केला. "मंग बाहेर जाईसन देखानं ना! घडीले कसाले ईचारनं?"

मला हसू आवरेना. पण भाऊ हटले नाहीत. अर्धा तास बोलले. माइकशिवाय. एकतीस वर्षांत मी त्यांना एवढं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. गाडीचा क्रमांक आणि फलाट एवढंच. शेजारचे चार लोक ओसरीखाली येऊन उभे राहिले. पुष्पाबाईंनी दुसरा चहा टाकला आणि तो उकळून निम्मा झाला तरी दारातून हलल्या नाहीत.

भाऊ थांबले तेव्हा तेजस पहिल्यांदा बोलला. त्याने पट्टा सोडला, घड्याळ काढलं आणि दोन्ही हातांनी पुढे धरलं. "मामा, घ्या. एवढं ज्याला माहीत आहे, त्याचंच आहे हे."

मी मनात म्हटलं, उचला भाऊ, उचला! हात पुढे गेलासुद्धा. बोटं घड्याळाला लागली.

मग भाऊंनी विचारलं, "तुमच्या जंगलात नाले किती?"

"माझ्या बीटात, म्हणजे माझ्या वाट्याच्या जंगलात, सात. पावसाळ्यात छातीएवढं पाणी असतं."

"रात्रीची गस्त?"

"असते. वणव्याच्या दिवसांत दोन-दोन रात्री वरच राहतो आम्ही."

"गुहा आहे का एखादी?"

"दोन आहेत. एकीत अस्वल राहतं, म्हणून आत शेवटपर्यंत कोणी गेलेलं नाही."

लोटनभाऊंनी मोठा श्वास घेतला. घड्याळ उचललं, चावी आवळलेली आहे का ते तपासलं, आणि तेजसचं मनगट धरून त्यावर पुन्हा चढवलं. पट्टा स्वतः लावला. "राहू द्या," ते म्हणाले. "माझ्याकडे ते नुसतं बसून होतं. पण अस्वलाच्या गुहेत जाऊ नका. आमची मोनाली द्यायची आहे."

तेवढ्यात पुष्पाबाईंची नजर माझ्या मांडीवरच्या डब्यावर गेली. "मंग त्या डबामा काय शे?"

आणि मी मूर्ख बोलून गेलो, "नवीन घड्याळ. तेही जावईबापूंचंच."

"आते कसं!" म्हणून त्यांनी ते उचललंही. "हाई लगनमा घाली, ती जंगलमा."

असे एक घड्याळ आणायला गेलेले आणि दोन घड्याळं देऊन आलेले आम्ही धुळ्याच्या गाडीत बसलो. महामार्गावरून सोनगीरच्या किल्ल्याची टेकडी मागे गेली. भाऊ खिडकीबाहेर बघत होते. डोकं या खेपेला आतच होतं.

"वाईट वाटतंय?" मी विचारलं.

"छे."

"वहिनींना काय सांगणार?"

"तू सांग. माइक तुझ्याकडे असतो."

धुळं येईपर्यंत त्यांनी आपल्या रिकाम्या मनगटाकडे अकरा वेळा पाहिलं. मी फक्त मोजत राहिलो. शेजारधर्म म्हणून काही असतो. जळगावची गाडी लागली, आम्ही जागा धरली, तेव्हा ते म्हणाले, "पुढच्या रविवारी यावलला जाऊन यावं म्हणतो. पायात घालायला चांगले बूट कुठे मिळतील रे?"

"यावलला? बूट घालून? कशाला?"

"जावई बघायला."

"भाऊ, साखरपुडा झाला! आता काय बघता जावयाला?"

"झाला ना," लोटनभाऊ म्हणाले. "पण त्या दिवशी माझं लक्ष सगळं त्याच्या मनगटावर होतं. तोंड नीट बघितलंच नाही मी त्याचं."