गौरामायचा बेल

आमच्या गावातल्या महादेवाला सकाळी उठवायचं काम गौरामायकडं होतं. ती त्याला ज्या भाषेत उठवायची ती ऐकून परगावचा माणूस कानांवर हात ठेवायचा. "उठा आता, ऊन कळसावर आलं. गावाची राखण करायला बसवलंय तुमाला, घोरायला न्हाय." एवढं सुनावून झालं की ती बारवेतनं आणलेली घागर त्याच्या डोक्यावर ओतायची आणि मग मात्र पदरानं पिंडी अशी हळू पुसायची, की बघणाऱ्याला तिच्या शिव्या खोट्या वाटाव्यात.

नवरा गेल्यावर गुरवकी तिच्याकडं आली. बाईमाणसानं पूजा करावी की नाही यावर गावातल्या शहाण्यांनी तीन दिवस चावडीत डोकेफोड केली. चौथ्या दिवशी त्यांना कळलं की ती तीन दिवस पूजा करतेच आहे आणि देऊळ पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसतंय. विषय तिथंच मिटला.

माझं किराणा दुकान देवळाच्या समोर, त्यामुळं देवाकडं कोण कशाला येतं ते मला बसल्याजागी दिसायचं. म्हैस व्याली की पहिला चीक महादेवाला. भूमची एसटी धरायला पळणारा माणूस पळता पळता हात जोडणार. सासूशी भांडलेली सून खांबाला टेकून तासभर बसणार आणि तिला कुणी काही विचारणार नाही. हरवलेली शेळी, न जमणारी सोयरीक, पोराचा ताप, सगळं त्या एका पिंडीपुढं. मोक्ष मागायला आलेला माणूस मी तरी पाहिला नाही.

गौरामायचा एक हट्ट होता, तो बेलाचा. पान तीन दळांचं, धड हवं. कुठं किडीनं खाल्लेलं, कुठं दळ मोडलेलं असं पान ती पिंडीवर पडू द्यायची नाही. श्रावणात मी टोपलीभर बेल नेला, तर तिनं निम्मा माझ्याच टोपलीत परत टाकला आणि म्हणाली की हा तुझ्या शेळीला घाल. टाचणीच्या टोकाएवढं छिद्र तिला दिसायचं. मला फार राग आला होता, कारण माझ्याकडं शेळी नव्हती.

बारवेचंही सांगायला हवं. बहात्तर साली गावातल्या झाडून साऱ्या विहिरींनी तळ दाखवला, महादेवाची बारव तेवढी टिकली. वस्तीवरची पुतळाबाई बौद्ध बायकांना घेऊन आली आणि कुणाला न विचारता पायऱ्या उतरून तिनं घागर भरली. काही जण आडवे आले. तेव्हा गौरामायनं केरसुणी कमरेला खोचली आणि विचारलं, की महादेवाच्या डोक्यावरची गंगा कुणाच्या बापानं खणली ते आधी सांगा. आडवे आलेले बाजूला झाले. त्या उन्हाळ्यापासून सगळं गाव एकाच बारवेचं पाणी पितं.

आणि याच बारवेवर एक्याऐंशी साली आबारावांचा डोळा गेला. आबाराव नऊ वर्षं सोसायटीचे चेअरमन. ढोकीच्या कारखान्याला ऊस घालायचा त्यांना ध्यास लागला होता, आणि ऊस काही दवावर येत नाही. सोसायटीचा ठराव करायचा, बारवेवर इंजिन बसवायचं, आणि गावाला उरलेलं पाणी द्यायचं असा त्यांचा बेत होता. 'उरलेलं' हा शब्द ते फार प्रेमानं उच्चारायचे. निवडणुकीत त्यांच्यासमोर बिभीषण उभा राहिला. साधा माणूस, बोलायला उठला की घसा बसायचा. पण बारवेवर इंजिन बसू देणार नाही, एवढं एक वाक्य तो धडपणे बोलला आणि गावाला तेवढं पुरलं.

आबारावांनाही वारं कळलं. त्यांनी निवडणुकीआधीच्या सोमवारी बिभीषण सोडून सगळ्या सभासदांना देवळात बोलावलं आणि बेलभंडारा उचलायला लावला. हातावर बेलाचं पान, त्यावर हळदीची चिमूट, आणि पिंडीकडं तोंड करून म्हणायचं, की माझं मत आबारावांना. आमच्याकडं दोघांचा चहा पिऊन तिसऱ्याला मत देणारे पुष्कळ सापडतील, पण बेलभंडारा उचलून फिरणारा सापडायचा नाही. न उचलावा, तर बी-खत सोसायटीतूनच मिळायचं. पुतळाबाईच्या नावावर दोन एकर होते, तीही सभासद. ती तेवढी तोंडावर म्हणाली, "आमी बेल उचलत न्हाय, आन् मतबी तुमाला देत न्हाय." सबंध गावात त्या दिवशी खरं बोलणारी ती एकटीच. बाकी अठ्ठावन्न जणांनी बेल उचलला. माझं चार एकर रान होतं, मीही उचलला.

पानं वाटली गौरामायनंच. सोमवारी बेल तोडत नाहीत, म्हणून तिनं ती रविवारीच तोडून, निवडून, ओल्या फडक्यात ठेवली होती. वाटताना ती एक शब्द बोलली नाही. महादेवालाही नाही, हे मला जास्त लागलं. शपथेचं पान टाकून देत नाहीत, म्हणून मी ते बंडीच्या खिशात ठेवलं आणि खाली मान घालून दुकानात येऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शनाला गेलो, तर तिनं मला खांबाआड बोलावलं.

"सोमलिंगा, तुला दिलेलं पान किडकं निघालं बघ. माझी नजर लई अधू झाली. मोडक्या पानाची आण महादेव धरत न्हाय. कुनाला सांगू नगं, एकट्या तुझंच तसलं हुतं."

मी गंभीरपणे मान हलवली आणि घरी येऊन पान काढलं. तिन्ही दळं ठणठणीत. उजेडात धरलं, उलटं केलं, सुलटं केलं, छिद्र नाही. आणि नजर अधू म्हणे. आदल्याच आठवड्यात तिनं रस्त्यापलीकडून माझ्या तराजूचा दांडा कलता आहे हे ओळखलं होतं. म्हणजे देवाच्या दारात मोडकं पान वाटणं काही तिच्यानं झालं नव्हतं. खोटं बोलणं मात्र झालं होतं, तेही माझ्यासाठी. मी पान परत खिशात ठेवलं, बायकोलाही बोललो नाही, आणि शुक्रवारी बिभीषणला मत देऊन आलो. भीती वाटली. शपथ मोडतोय हे मला कळत होतं, आणि तरी मोडली.

आबारावांना अकरा मतं पडली. त्यांची भावकीच चौदा मतांची होती.

सोमवारी सकाळी सगळं गाव देवळात असताना आबाराव आले. त्यांच्याच भावकीतला कुणीतरी 'माझं पान किडकं होतं' असं बरळला होता. ते शांतपणे बोलले, आणि त्यांचं शांत बोलणं ओरडण्यापेक्षा वाईट. पानं खरंच मोडकी असतील तर आपण काही बोलणार नाही. पण धड असतील तर या बाईनं देवाच्या दारात बसून गावाला फसवलं. खोटारड्या हाताची पूजा गावाला चालेल का? दुसरा गुरव आणावा लागेल.

"गौराबाई, आता तुमीच बेलभंडारा उचला," ते म्हणाले, "आन् सांगा, पानं धड व्हती का मोडकी."

गौरामायनं हात धुतले. टोपलीतलं एक पान घेतलं, हळद घेतली आणि पिंडीकडं वळली. बेल हातात घेऊन ती खोटं बोलणार नाही, हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक होतं. ती खरं सांगणार आणि उद्यापासून महादेवाला उठवायला दुसरंच कुणीतरी येणार. सत्तरीच्या बाईला त्या एका देवाशिवाय भांडायलाही कुणी नव्हतं.

"तिला कशाला तरास," मी म्हणालो. "माझं पान हाय की माज्याजवळ."

खिशात हात घातला आणि अंगठ्यानं एक दळ मोडलं. आठ दिवसांचं वाळलेलं पान, आवाज केवढा झाला. सगळ्या देवळाला ऐकू गेला असं मला वाटलं. मग ते दोन दळांचं पान मी आबारावांच्या हातावर ठेवलं.

"एकाचं असंल," आबाराव म्हणाले.

तोवर म्हाताऱ्या उत्तरेश्वरनं पागोट्यात बोटं घातली, जरा खुडबुड केली आणि पान काढलं. मोडकं. कुणी चंचीतनं काढलं, कुणी टोपीच्या घडीतनं, कुणी घरी पळत जाऊन देव्हाऱ्यातलं आणलं. सगळी मोडकी. एका शहाण्यानं घाईत दोन दळं मोडली होती, नुसता देठ आणि एक दळ घेऊन उभा. आबारावांच्या चुलतभावानंही खाली बघत आपलं पान पुढं केलं. एवढा मोडका बेल एका ठिकाणी मी जन्मात पाहिला नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एकट्या तुझंच, असं तिनं प्रत्येकाला सांगितलं होतं. प्रत्येकानं घरी जाऊन पान उजेडात धरलं होतं. प्रत्येकाला ते धड दिसलं होतं. आणि अकरा सोडून सगळ्यांनी तोंड मिटून, तरीही, बारवेला मत दिलं होतं. मला एकदम रडू आल्यासारखं झालं आणि हसूही.

आबारावांनी पानांचा ढीग पाहिला, आमची तोंडं पाहिली, आणि चपला घालून निघून गेले. बारवेच्या पायरीवरनं पुतळाबाई सगळं बघत होती. ती घागर उचलत म्हणाली की शब्दाला पान लागत नसतं ते याच्यासाठीच.

गौरामायच्या हातात अजून ते धड पान होतं. ते तिनं पिंडीवर ठेवलं आणि मला ऐकू येईल इतक्या हळू महादेवाला म्हणाली, "बगितलं का? सोन्यावानी बेल वाटला, आन् गावात एक धड पान ऱ्हायलं न्हाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे दुकान उघडायच्या आत तिनं मला पुन्हा खांबाआड बोलावलं. "पान मोडलंस न्हवं? जा, एक घागर आन आन् घाल त्याच्या डोक्यावर. कुनाला सांगू नगं, एकट्या तुलाच सांगतीया."

मी बायकोची घागर घेऊन बारवेवर गेलो. पायऱ्यांवर खालपर्यंत गडीमाणसांची रांग लागली होती. ज्यांनी जन्मात घागरीला हात लावला नव्हता, ते एकमेकांची नजर चुकवत आज बायको आजारी आहे म्हणून सांगत होते. रांगेच्या पुढच्या टोकाला गौरामाय चढत होती, डोक्यावर एक घागर आणि कमरेवर दुसरी. रोजची एकच असायची. दुसरी कुणाच्या खोट्यापायी, ते मी विचारलं नाही. घागर कमरेला लावली आणि रांगेत उभा राहिलो.