बगीच्यात धरलेली झाडं

"रविवारी मयत आणत जाऊ नका. रविवारी पार्ट्या येतात."

हे तो मामांच्या तिरडीसमोर उभा राहून बोलला. मामा म्हणजे माझे सासरे. तिरडी चौघांच्या खांद्यावर, मागे अख्खी वस्ती, पुढे आमच्या स्मशानाच्या वाटेवर नवं लोखंडी गेट. गेटच्या आत पांढऱ्या गाड्या. परभणीहून प्लॉट बघायला आलेली माणसं छत्र्या धरून उभी. एका बाईनं आपल्या पोराचं तोंड दुसरीकडे फिरवलं.

तो साइट मॅनेजर. वयानं माझ्या मुलाएवढा. आवाज चढवला नाही. हसूनच म्हणाला, "मागच्या बाजूनं न्या ना. नाल्याकडून रस्ता आहे."

नाल्याकडून रस्ता नाही. नाला आहे. त्याचं पाणी ह्यांनीच मुरूम टाकून अडवलेलं.

माझा दीर पुढच्या खांद्याला होता. तो ह्याच साइटवर सेंट्रिंगच्या कामाला जातो. मान खाली घालून म्हणाला, "व्हय साहेब." आणि वळला. बापाची तिरडी मुलानं वळवली.

मागून शांताकाकू, वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई, म्हणाली, "आता मरायच्या आधी ह्याला इचारावं लागल. साहेब, आज मरू का उद्या?" दोघी-तिघी हसल्या आणि लगेच पदर तोंडाला लावला.

काळ्या मातीत पाय घोट्यापर्यंत. चपला हातात. नाल्यात तिरडी कलली आणि मामांचा हात कापडातून बाहेर आला. तो मी आत घेतला. कापड मीच बांधलं होतं. मी सैल बांधत नाही.

मी अंगणवाडी सेविका. वस्तीत मयत झाली की पुढचं सगळं माझ्याकडे येतं. कापड, मेणबत्त्या, भंतेजींना निरोप, पाणी कोण आणणार, खांदा कोण देणार. रडायचं नंतर. कामं ओळीनं लागली की माणूस तग धरतं. त्या दिवशी नाल्यात उभी राहून मला पुढचं काम सुचेना.

आमच्या जुन्या माणसांनी धम्म घेतल्यावर एक ठरवलं होतं. राख नदीत सोडायची नाही. खड्डा घ्यायचा, राख त्यात टाकायची, वर झाड लावायचं. गायरानाच्या कडेला, जिथं आम्ही जाळतो, तिथं अशी झाडं उभी आहेत. लिंब, करंज, चिंच. प्रत्येक झाड आम्ही माणसाच्या नावानं ओळखतो. दगडूबाबाच्या लिंबाखाली बस, असं पोरांना सांगतो. शेड नाही, पाटी नाही. आम्हाला गरज वाटली नाही. आमची माणसं कुठं आहेत ते आम्हाला ठाऊक होतं.

पिंगळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आता मोठा फ्लेक्स आहे. रंगीत नकाशा. प्लॉट पिवळे, रस्ते करडे आणि कोपऱ्यात, आमच्या झाडांच्या जागी, एक हिरवा चौकोन. खाली लिहिलंय, मोठ्या झाडांचा तयार बगीचा.

तयार.

घरं होऊ नयेत असं मी म्हणत नाही. आमच्या वस्तीत एका खोलीत तीन पिढ्या झोपतात. घराची किंमत आम्हाला नका शिकवू. गाव खूश आहे. परभणी आपल्या दारात यायलीय म्हणतात. रस्त्याकडेला ज्यांची जमीन होती त्यांच्या दारात चारचाकी आली. वस्तीतल्या पोरांना रोजचं काम मिळालं, तेही खरं. पण त्या पिवळ्या प्लॉटांत आमच्यापैकी कुणाचं घर होणार नाही. आमचं म्हणून जे घेतलं, ते फक्त हिरव्या चौकोनात.

दुसऱ्या दिवशी परभणीला, नकाशे मंजूर होतात त्या ऑफिसात गेले. टेबलामागचा बाबू भला होता. खुर्ची दिली.

"आक्षेपाची मुदत गेली, बाई."

"नोटीस कुठं लावली होती?"

"ग्रामपंचायतीच्या फळ्यावर."

"जागेवर कुणी आलं होतं का?"

"आता नियम सोपे झालेत. आर्किटेक्टनं लिहून दिलं की भागतं. आम्हाला जागेवर जायचं कामच ठेवलं नाही."

"मग त्या आर्किटेक्टला तिथं काय दिसलं?"

त्यानं कागद चाळले. "झाडं," म्हणाला.

मी तिथंच बसून अर्ज लिहिला. स्मशान आहे, वाट आहे, दोन्ही नकाशात घ्या. शिक्का मारून घेतला आणि एसटीनं परत आले.

तिसऱ्या दिवशी राखेचं मडकं दिराच्या हातात, करंजाचं रोप माझ्या. पुन्हा ते गेट. पुन्हा तोच. ह्या वेळी जास्त गोड.

"ताई, रोप वस्तीतच लावा ना. इथं आता आमचा माणूस शोभेची झाडं लावणार. तुमची जुनी झाडं काढत नाही आम्ही, बगीच्यात धरलीत. आणि बाबांच्या नावाचं बाकडं करून देतो. स्टीलचं."

दीर माझ्याकडे वळला. "वहिनी, बाकडं देतो म्हणतोय. चांगलंच हाय की."

मी मॅनेजरला विचारलं, "बाकड्यावर कोण बसणार?"

"प्लॉटधारक."

"आणि आमी बसलो तर?"

"ते सोसायटी झाल्यावर सोसायटी ठरवील."

मला तेवढं पुरलं. चाळीस ओलांडली, इतकी वर्षं मी भांडण टाळून कामं काढत आले. वाट मागितली, बाजूला सरले, आभार मानले. आता माझ्या सासऱ्याच्या राखेपाशी मी बसायचं की नाही, हे अजून झालेली नाही अशी सोसायटी ठरवणार होती.

"गेट उघडा," मी म्हणाले.

"साहेबांना विचारावं लागेल."

"इचारा. आमी बसतो."

बसले. रस्त्यातच, गेटसमोर. शांताकाकू बसली. मग सगळ्या बायका. पुरुष उभे होते, मग तेही बसले. दीर मडकं मांडीवर घेऊन सगळ्यात शेवटी बसला. मागे खडीचा टिप्पर येऊन थांबला. त्यामागे सिमेंटची गाडी. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागले. शांताकाकू वळून म्हणाली, "वाजव बाबा. मयताला बँड नव्हताच आमच्या."

गेट उघडलं. दया म्हणून नाही. टिप्पर खोळंबला म्हणून. हे मी नीट ध्यानात ठेवलं. आम्ही आत गेलो, त्रिशरण म्हटलं, राख टाकली, रोप लावलं.

संध्याकाळी दीर आला. दारातच उभा राहिला.

"वहिनी, मुकादमानं उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं."

काळजी करू नकोस, असं मी म्हणाले नाही. खोटं बोलायची ती वेळ नव्हती. एवढंच म्हणाले, "मग उद्या मोकळा हायस. लाल ऑईलपेंटचा डबा घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाल्याकडून झाडांपाशी गेलो. मी नाव सांगत गेले, तो खोडावर लिहीत गेला. अडलं तिथं शांताकाकूला विचारलं. एक चिंच बारशाआधी गेलेल्या बाळाची. तिच्यावर आईचं नाव लिहिलं. नव्या करंजाला खोड नव्हतं, तिथं दगड रोवून मामांचं नाव लिहिलं. मामांचं पूर्ण नाव, बापासकट. दिराचं अक्षर चांगलं आलं.

पुढच्या आठवड्यात मॅनेजरचा फोन. "ताई, पार्ट्या विचारतात ही नावं कुणाची. जरा पुसून घ्या ना."

"इचारतात तर सांगा," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

अर्जाला उत्तर नाही. रस्त्यावर दुसऱ्या टप्प्याचा फ्लेक्स लागलाय. तिथंही कुणी साहेब जागेवर येणार नाही, हे आता मला ठाऊक आहे. मी जाणार. प्रत्येक ग्रामसभेत उभी राहणार, फळ्यावरची प्रत्येक नोटीस वाचणार, मुदतीच्या आत आक्षेप देणार. नकाशावर स्मशान हा शब्द येईपर्यंत आमची मयत ह्याच गेटातून जाईल आणि परवानगी कुणाला मागणार नाही. नावं पुसली तर पुन्हा लिहू.

ज्याला तिथं प्लॉट घ्यायचाय त्यानं खुशाल घ्यावा. आधी ती नावं वाचावीत.